शेजाऱ्याच्या बॉम्बचं गुपित नेमकं कोणापासून ठेवता?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की पाकिस्तानच्या अण्वस्त्रांबद्दल आपल्या सरकारला काय माहितीये हे सामान्य माणसाने विचारूच नये, सुरक्षेचा मामला आहे, ज्यांचं काम त्यांना करू द्या. पत्र मनापासून लिहिलेलं होतं आणि लिहिणाऱ्याच्या देशप्रेमाबद्दल मला काडीची शंका नाही. पण वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. पाकिस्तानकडे किती बॉम्ब आहेत आणि कुठे ठेवलेत हे पाकिस्तानला माहीतच आहे ना? मग आपल्या सरकारने ते आपल्याला सांगितलं नाही, तर गुपित राहिलं कोणापासून?

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते आपल्या मुठीबद्दल ठीक आहे. आपल्या बॉम्बचा आकडा, जागा, कोड हे सगळं खुशाल झाकून ठेवा, त्याबद्दल हे पत्र नाही. मी बोलतोय ते समोरच्याच्या मुठीबद्दल.

मी चेंबूरला राहतो, ट्रॉम्बेचं बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे असल्या बातम्या आमच्याकडे जरा जास्तच वाचल्या जातात. दरवर्षी नवीन वर्षाच्या सुरुवातीला एक चार ओळींची बातमी येते, बहुतेक वेळा आतल्या पानावर, थर्टी फर्स्टच्या फोटोंखाली दबलेली: भारत आणि पाकिस्तान यांनी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या. ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी इस्लामाबादला गेले होते तेव्हा हा करार झाला, बेनझीर नुकत्याच पंतप्रधान झाल्या होत्या, आणि ठरलं असं की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९१ च्या जानेवारीत तो लागू झाला आणि १ जानेवारी १९९२ पासून एकही वर्ष खंड पडलेला नाही. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झालं, पुलवामा झालं, बालाकोट झालं, यादी मात्र वेळेवर. दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी कागद हातात दिले जातात. आणि करारात स्पष्ट लिहिलंय की यादीत प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश द्यायचे! म्हणजे बघा, आमच्या शेजारच्या केंद्राचे अक्षांश-रेखांश इस्लामाबादच्या बाबूच्या फायलीत, त्यांच्याकडच्या केंद्रांचे आपल्या दिल्लीच्या बाबूच्या फायलीत, आणि चेंबूरचा मी किंवा रावळपिंडीचा कोणी पेन्शनर विचारायला गेला तर दोघांनाही उत्तर एकच, गोपनीय आहे. करार उत्तम आहे, दोन्ही देशांनी पाळलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक आहे, माझी तक्रार कराराबद्दल नाही. फक्त ‘शत्रूला कळेल’ हे कारण इथे चालत नाही एवढंच म्हणतोय.

आता यावर एक खरा मुद्दा निघतो आणि तो मी टाळणार नाही. शत्रूकडे काय आहे हे त्याला माहीत असतं, पण ते आपल्याला कळलंय हे त्याला माहीत नसतं, आणि कसं कळलं हे तर त्याहून नाही. आपला माणूस तिकडे असेल, त्यांचा फोन ऐकला जात असेल, आपण तोंड उघडलं की तो माणूस मेला आणि फोन बंद झाला. शंभर टक्के मान्य. पण काय कळलं आणि कसं कळलं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, आणि हे कोणी उंटावरचा शहाणा नाही, अमेरिकेचा अध्यक्ष करून दाखवून गेलाय. २९ ऑगस्ट १९४९ ला सोव्हिएत रशियाने कझाकस्तानात सेमिपलातिन्स्कला पहिला अणुस्फोट केला, गुपचूप, कोणाला पत्ता लागू न देता. पाच दिवसांनी जपान ते अलास्का उडणाऱ्या एका अमेरिकन विमानाच्या फिल्टरवर किरणोत्सारी धूळ सापडली. शास्त्रज्ञांनी हिशेब केला, आणि २३ सप्टेंबरला ट्रुमन यांनी छोटंसं निवेदन काढून जगाला सांगून टाकलं की रशियात अणुस्फोट झाल्याचा पुरावा आमच्याकडे आहे. विमान, फिल्टर, धूळ, यातलं अक्षर नाही. आणि गंमत पुढे. मॉस्कोच्या तास वृत्तसंस्थेने दोन दिवसांनी खुलासा केला तो काय, तर आमच्याकडे धरणं, कालवे, खाणी, रस्ते अशी मोठमोठी कामं चालू आहेत, त्यासाठी सुरुंग लावावे लागतात, आणि अणुबॉम्बचं गुपित तर आम्हाला १९४७ पासूनच माहितीये. म्हणजे रशियन माणसाला स्वतःच्या देशाच्या बॉम्बची बातमी वॉशिंग्टनहून मिळाली आणि स्वतःच्या सरकारकडून काय मिळालं तर सुरुंग!

तेच अमेरिकन सरकार दहा वर्षांनी उलटं वागलं. रशियाच्या स्पुटनिक उपग्रहानंतर तिकडे ओरड सुरू झाली की क्षेपणास्त्रांत रशिया पुढे गेला, केनेडींनी १९६० ची निवडणूक बऱ्यापैकी त्याच मुद्द्यावर लढवली, आणि आयझेनहॉवर यांच्याकडे यू-२ या हेरगिरीच्या विमानांनी काढलेले फोटो होते ज्यात तसली काही आघाडी दिसत नव्हती, पण ते फोटो गुप्त, त्यामुळे तोंड बंद. शेवटी केनेडींच्याच सरकारने ऑक्टोबर १९६१ मध्ये एका उपमंत्र्याच्या भाषणातून जाहीर केलं की आघाडीवर आपणच आहोत. मधल्या काळात भीतीपोटी क्षेपणास्त्रांवर जो पैसा गेला तो गेलाच.

पण मला खरं बोलायचंय ते आपल्या दाराशी घडलेल्या गोष्टीबद्दल. पाकिस्तानचा बॉम्ब. लोक म्हणतात तो गुपचूप तयार झाला. साफ चूक. तो तयार होताना जगातल्या निम्म्या गुप्तहेर खात्यांना दिसत होता, न सांगण्याचं ठरवलं होतं फक्त.

ए. क्यू. खान हा पाकिस्तानी शास्त्रज्ञ हॉलंडमधून सेंट्रीफ्यूजची, म्हणजे बॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांची, ड्रॉइंग्ज घेऊन १९७५ च्या शेवटी पाकिस्तानात परतला, कहूताला कारखाना उभा राहिला, आणि एप्रिल १९७९ मध्ये कार्टर यांनी याच कारणावरून पाकिस्तानची मदत तोडली. म्हणजे तेव्हाच माहीत होतं. त्याच वर्षी डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि पारडं फिरलं. १९८१ मध्ये रेगन सरकारने ३.२ अब्ज डॉलरचं पॅकेज दिलं. १९८२ मध्ये व्हर्नन वॉल्टर्स नावाचा त्यांचा खास दूत पुरावे घेऊन पाकिस्तानचे लष्करशहा झियांना भेटला, झियांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सगळं नाकारलं, आणि वॉल्टर्सने वॉशिंग्टनला कळवलं की एकतर या माणसाला खरंच काही माहीत नाही, नाहीतर याच्याइतका अप्रतिम आणि देशभक्त खोटारडा मी आयुष्यात पाहिलेला नाही. ही तार तीस वर्षांनी खुली झाली. वाचून हसू येतं. आणि मग हसू जातं, कारण हे कळल्यावरही डॉलर चालूच राहिले.

पुढे १९८४ मध्ये ह्यूस्टनला एक पाकिस्तानी माणूस पन्नास क्रायट्रॉन बाहेर नेताना पकडला गेला. क्रायट्रॉन म्हणजे काचेच्या छोट्या बल्बसारखा दिसणारा स्विच, अत्यंत कमी वेळात मोठा करंट सोडतो, साध्या यंत्रांतही वापरतात आणि बॉम्बच्या ट्रिगरमध्येही. त्याला किरकोळ गुन्ह्यात दोषी धरून परत पाठवून दिलं, विषय संपला. अमेरिकन काँग्रेसमधले, म्हणजे तिथल्या संसदेतले, काही लोक मात्र चिडले होते, त्यांनी १९८५ मध्ये प्रेसलर दुरुस्ती आणली: राष्ट्राध्यक्षाने दरवर्षी लेखी सर्टिफिकेट द्यायचं की पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही, तरच मदत मिळेल. रेगन यांनी दिलं, दरवर्षी दिलं. थोरल्या बुश यांनी १९८९ मध्ये दिलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानातून निघून गेल्या होत्या, आणि ऑक्टोबर १९९० मध्ये काय चमत्कार झाला बघा, बुशना अचानक सर्टिफिकेटवर सही करता येईना! मदत बंद. पाकिस्तानने पैसे भरलेली एफ-१६ विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात धूळ खात पडली. वीस महिन्यांत कहूतात असं काय मोठं घडलं होतं? गरज संपली होती, एवढंच.

या सगळ्यात रिचर्ड बार्लो नावाचा एक माणूस भरडला गेला. सीआयएत पाकिस्तानच्या अणुखरेदीवर काम करायचा. १९८७ मध्ये फिलाडेल्फियात मॅरेजिंग स्टीलच्या, म्हणजे सेंट्रीफ्यूजला लागणाऱ्या खास पोलादाच्या खरेदीचं प्रकरण पकडलं गेलं आणि काँग्रेसच्या समितीपुढे बंद दाराआड सुनावणी झाली. समितीने विचारलं, पकडलेली माणसं पाकिस्तान सरकारचीच का? वरिष्ठ अधिकारी म्हणाला, तसं ठामपणे सांगता येत नाही. शेजारी बसलेला बार्लो म्हणाला, हो, सरकारचीच. खोलीत काय वातावरण झालं असेल विचार करा. पुढे तो पेंटॅगॉनमध्ये गेला, १९८९ मध्ये साठ एफ-१६ विकायचा घाट घातला होता आणि काँग्रेसला सांगितलं जात होतं की या विमानांतून अणुबॉम्ब टाकता येणार नाही, हा म्हणाला हे खोटं आहे. त्याच ऑगस्टमध्ये नोकरीवरून काढलं. तो काही पेपरवाल्यांकडे गेला नव्हता, शत्रूला काही विकलं नव्हतं, फक्त स्वतःच्या देशाच्या लोकप्रतिनिधींना, तेही बंद खोलीत, खरं सांगा एवढंच म्हणत होता. नंतर नुकसानभरपाईसाठी कोर्टात गेला तर सरकारने राष्ट्रीय गुपित म्हणून कागदच पुढे येऊ दिले नाहीत.

म्हणून म्हणतो, त्या वाचक मित्राने विचार करावा. पाकिस्तानच्या बॉम्बची माहिती अमेरिकन सरकारने पाकिस्तानपासून लपवली नाही, झियांना तर दूत पाठवून तोंडावर सांगितली. रशियाला फसवायचं म्हणूनही लपवली नाही. लपवली ती काँग्रेसपासून आणि मतदारांपासून, कारण तिथे कळलं असतं तर कायद्याने मदत तोडावी लागली असती. शत्रूच्या किंवा शेजाऱ्याच्या बॉम्बबद्दलचं गुपित बहुतेक वेळा असंच असतं. माहिती बाहेर आली की कोणीतरी विचारतं, मग आता काय करणार, आणि तो प्रश्नच नको असतो.

आता आपण तरी कुठले धुतल्या तांदळाचे. जानेवारी १९८७. ब्रासटॅक्स नावाचा आपला प्रचंड मोठा लष्करी सराव राजस्थानात चालू होता, जनरल सुंदरजी लष्करप्रमुख, पाकिस्तान घाबरला, त्यांनीही फौज हलवली, दोन्हीकडे बोटं ट्रिगरवर. २८ जानेवारीला पत्रकार कुलदीप नय्यर यांना ए. क्यू. खानने इस्लामाबादला स्वतःच्या घरी भेट दिली आणि सांगून टाकलं की सीआयए आमच्याबद्दल म्हणते ते बरोबर आहे, आणि आमच्या अस्तित्वावर आलं तर आम्ही बॉम्ब वापरू. मुलाखत छापून आली लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये १ मार्चला. तोपर्यंत फौजा मागे घ्यायचं ठरलं होतं, झिया जयपूरला टेस्ट मॅच बघून परत गेले होते. त्याच आठवड्यात अहमदाबादला पाकिस्तानविरुद्धच सुनील गावसकरने दहा हजार धावा पूर्ण केल्या, आणि आम्हा मुंबईकरांना त्या आठवड्यातलं आठवतं ते तेवढंच, खोटं कशाला बोलू. खानने नंतर आपण असं बोललोच नाही म्हणून हात झटकले, ज्या पाकिस्तानी संपादकाने भेट घडवली त्याची नोकरी गेली, आणि इकडे बहुतेकांची समजूत अशी झाली की पत्रकाराने काहीतरी सनसनाटी केलं असेल.

पण नुसता पत्रकारच नव्हता हो. कारगिलनंतर सरकारने संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला, आणि त्यात साध्या सरळ वाक्यात लिहिलंय की १९८७ मध्ये ब्रासटॅक्सच्या वेळी पाकिस्तानने भारताला अणुहल्ल्याची धमकी दिली होती, आणि ती अधिकृतपणे, त्यांचे परराष्ट्र राज्यमंत्री झैन नूरानी यांनी आपले तिथले राजदूत एस. के. सिंग यांना कळवली होती. परत वाचा. एका देशाच्या मंत्र्याने आपल्या राजदूताला अणुबॉम्बची धमकी दिली, आणि ती या देशाच्या नागरिकाला सरकारी कागदावर वाचायला मिळाली तेरा वर्षांनी, तेही मधे कारगिल झालं, पाचशेच्या वर जवान गेले, चौकशी नेमावी लागली म्हणून. कारगिल झालं नसतं तर? यात कोणता सोर्स वाचवायचा होता? धमकी देणारा मंत्री त्यांचा, ऐकणारा राजदूत आपला. पाकिस्तानला माहीत नव्हतं असं एक अक्षर यात नाही.

आणि त्या तेरा वर्षांत आपण इथे निवडणुका लढवल्या, बोफोर्सवर भांडलो, मंडल-मंदिरावर भांडलो, पोखरण व्हावं का नको यावर तावातावाने बोललो, आणि जो एक धागा हातात असायला हवा होता तोच हातात नव्हता. मे १९९८ मध्ये आपण पोखरणला स्फोट केले आणि २८ तारखेला पाकिस्तानने चगाईत केले तेव्हा आमच्या ऑफिसात लोक म्हणत होते, बघा, आपण केले म्हणून त्यांनी केले, आपण गप्प बसलो असतो तर त्यांच्याकडे काही नव्हतंच. दोन आठवड्यांत बॉम्ब बनत नसतो, पण लोकांना कोणी सांगितलं होतं?

कारगिल समितीच्या त्या अहवालात अणुविषयक भागात जागोजागी मजकूर गाळलेला आहे. आणि समितीने शिफारस केली होती की अण्वस्त्र कार्यक्रमावर श्वेतपत्रिका काढा. सुब्रह्मण्यम काही शांततावादी मेणबत्तीवाले नव्हते, आपल्याकडे बॉम्ब असलाच पाहिजे असं आयुष्यभर सांगणारा तो माणूस, आणि तोच म्हणतोय लोकांना सांगा. वाजपेयींचं सरकार गेलं, मनमोहन सिंगांची दहा वर्षं गेली, मोदींचीही दहाच्या वर झाली, ती श्वेतपत्रिका काही मी वाचलेली नाही, कोणी वाचली असेल तर सांगावं. हा एका पक्षाचा प्रश्न नाही, या बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे, तेरी भी चूप मेरी भी चूप.

मी आपला भाबडेपणाने दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून एका सरकारी खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला, की गाळलेल्यातला जो मजकूर केवळ पाकिस्तानच्या तेव्हाच्या क्षमतेबद्दल आहे, आपल्या नाही, तेवढा तरी आता देता येईल का. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि उत्तर आलं, कलम ८(१)(अ), म्हणजे देशाच्या सुरक्षेचं कारण, विषय बंद. खाली सही, वर जावक क्रमांक, मधे दीड ओळ. मला वाटलं होतं वीस वर्षांनंतरची माहिती द्यावी लागते, तसं कलम आहे, ८(३), पण नीट वाचलं तर त्यातून सुरक्षेची माहिती वगळलेली आहे, म्हणजे वीस काय नि दोनशे काय. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, त्या राज्यातल्या माणसाला हे जरा जास्तच लागतं. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं की नोंदी साधारण पंचवीस वर्षांत खुल्या करायच्या, छान वाटलं, १९८७ ला केव्हाच पंचवीस झाली, १९९८ लाही झाली, कागद कुठेयत? आपल्या शेजाऱ्याच्या बॉम्बबद्दल आपण आज जे खात्रीने वाचतो ते बहुतांशी अमेरिकेने खुल्या केलेल्या फायलींतून वाचतो. वॉल्टर्सची तार मिळते, आपल्या राजदूताची तार मिळत नाही.

कागद नसले की काय होतं तेही सांगतो. व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी फिरणारं एक फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल, की रॉने कहूताच्या न्हाव्याच्या दुकानातून शास्त्रज्ञांचे केस गोळा करून बॉम्बचा छडा लावला होता आणि मोरारजी देसाईंनी ते फोनवर झियांनाच सांगून टाकलं, आपली माणसं मारली गेली, आणि म्हणून त्यांना निशान-ए-पाकिस्तान मिळालं. आता संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारानंतर मोरारजींबद्दल मुंबईतल्या मराठी घरात प्रेम असायचं काही कारण नाही, आमच्याकडे तर त्यांचं नाव काढलं की आजोबा जेवता जेवता उठायचे. तरी पण न्यायाने बोलायचं तर या गोष्टीला आधार आहे तो निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींचा आणि ऐकीव गप्पांचा, कागद कोणीच दाखवलेला नाही. पुरस्कार मिळाला हे खरं, बाकीचं खरं की खोटं हे सरकारने एक फाईल उघडली तर तासाभरात कळेल. खरं असेल तर इतिहासात तसं लिहा, खोटं असेल तर मेलेल्या माणसावरचा देशद्रोहाचा डाग पुसा. दोन्ही करायचं नाही आणि फॉरवर्ड फिरू द्यायचं.

आणि ताजं उदाहरण मे २०२५ चं. ऑपरेशन सिंदूरमध्ये सरगोधाच्या हवाईतळावर हल्ला झाला, जवळच किराणा टेकड्या, जिथे पाकिस्तानने ८० च्या दशकात बॉम्बच्या चाचण्या केल्याचं सांगतात, झालं, सोशल मीडियावर अण्वस्त्रांचं कोठार फुटलं, किरणोत्सर्ग पसरला, अमेरिकन विमान आलं, किरणोत्सर्ग आवरायला इजिप्तहून बोरॉन आलं, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर नकाशे सुद्धा आले. पत्रकार परिषदेत एअर मार्शल भारतींना विचारलं तर ते हसून म्हणाले, तिथे अण्वस्त्रं आहेत हे सांगितल्याबद्दल आभार, आम्हाला माहीत नव्हतं, आणि आम्ही तिथे मारलेलं नाही. सगळे हसले, मीही हसलो, उत्तर चतुरच होतं. किरणोत्सर्ग झाला नाही हे शेवटी स्पष्ट सांगितलं कोणी, तर व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने. जे म्हणतात ना की लोकांना माहिती दिली तर युद्धज्वर वाढेल, त्यांनी तो आठवडा आठवून बघावा, माहिती न देता तो किती उतरला होता.

उलट बाजूही आहे आणि ती न सांगणं लबाडी होईल. सरकारला मनात येईल तेव्हा आणि मनात येईल तेवढं उघडू दिलं तर ते झाकण्याइतकंच वाईट. ऑक्टोबर २००२ मध्ये उत्तर कोरियाच्या छुप्या युरेनियम कार्यक्रमाबद्दल अमेरिकन दूताचं प्याँगयांगमध्ये बोलणं झालं ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, इराक युद्धाच्या ठरावावर काँग्रेसचं मतदान झालं १० आणि ११ तारखेला, आणि कोरियाची बातमी लोकांना सांगितली १६ तारखेला. ज्याच्याकडे खरंच काहीतरी होतं त्याच्याबद्दल मतदान होईपर्यंत गप्प, आणि ज्याच्याकडे नव्हतं त्याच्याबद्दल फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत फोटो आणि टेपा लावून जगाला पटवायचा प्रयत्न केला. युद्ध झालं, इराकमध्ये तसली शस्त्रं सापडलीच नाहीत. तेव्हा मला पत्रकार परिषदा नकोत, स्लाइड नकोत, चॅनेलवर ‘सूत्रांच्या हवाल्याने’ तर अजिबात नको. ठरलेल्या मुदतीनंतर मूळ कागद उघडायचा, सोर्सचं नाव काळ्या शाईने खोडा, पण कागद द्या, आणि सरकार कोणाचंही असो, मुदत सरकारच्या मर्जीवर नको.

शिवाय अमेरिकेत निदान खोटं बोलायला समोर एक समिती होती! बार्लो ज्या खोलीत बसला होता तशी खोलीच आपल्याकडे नाही, आपल्या गुप्तचर खात्यांवर संसदेच्या समितीची देखरेख नाही. आपल्या मुंबईतून, ठाण्यातून, पुण्यातून इतके खासदार जातात, पक्ष कुठलाही असो, त्यातल्या एकाने जरी लोकसभेत विचारलं की कारगिल समितीने सांगितलेली श्वेतपत्रिका कुठे आहे आणि १९८७ च्या नूरानी-सिंग भेटीचा कागद कधी मिळणार, तर उत्तर काय येईल ते मला माहितीये, पण निदान ते नाकारणं लोकसभेच्या छापील कामकाजात राहील, मला मिळालेल्या दीड ओळीसारखं माझ्या कपाटात नाही.

तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या १ जानेवारीला ती यादीची बातमी येईल तेव्हा चार ओळींवर सोडू नका, तुमच्या दिल्लीच्या प्रतिनिधीला परराष्ट्र मंत्रालयात एवढंच विचारायला सांगा की जी यादी समोरच्या देशाला दरवर्षी देता, त्यातली १९९२ ची, सगळ्यात जुनी, आता आम्हाला का देत नाही.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे. काटछाट करायचीच झाली तर केनेडी आणि क्षेपणास्त्रांचा भाग काढा, गावसकर काढलात तरी चालेल, पण कारगिल समितीचा परिच्छेद कृपया अख्खा ठेवा.

आपला,
चेंबूरचा एक जुना वाचक